मिस्त्रींची हलकी गाडी

लेकीने चाळिशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकून एक छोटी कार घेतली आणि पहिल्या फेरीला जावई शेजारी डोळे घट्ट मिटून बसले, त्या वर्षीची ही गोष्ट.

मिस्त्रींनी तेव्हा हत्यारं पेटीत घालून पेटी पलंगाखाली ढकलली होती. जन्मभर दारं केली, कपाटं केली, आता पुरे. रंधा नुसता उचलला तरी खांदा भरून यायचा. सकाळी उठून तोंड धुतलं की अर्धा दिवस काम केल्यासारखं वाटायचं. आता कुणी काही करायला सांगू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण बायकोला घाटापलीकडे जायचं होतं. तिची थोरली बहीण तिकडे अंथरुणाला खिळली होती. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि थोरलीचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. अडचण होती ती बायकोच्या पाठीची. तासाभरापेक्षा जास्त तिला बसवत नसे, मग सपाट आडवं व्हावंच लागे. छोट्या कारमध्ये आडवं कसं होणार? आणि घाटाच्या रस्त्यावर उतरायला ना खोली, ना साधं बाकडं.

जावयांनी ॲम्ब्युलन्स सुचवली.

"ॲम्ब्युलन्समधून ताईच्या दारात उतरू?" बायको म्हणाली. "तिला वाटेल मीच आधी निघाले."

मग लेकीने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. कारच्या मागे जोडायची दोन चाकांची गाडी, पाण्याच्या आडव्या थेंबासारखी. पुढून गोल, मागे निमुळती. आत फक्त गादी. थांबायचं, दार उघडायचं, आडवं व्हायचं.

"थेंब कसला, जुना बूट वाटतोय," बायको म्हणाली. पण चित्र तिने परत मागून घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मिस्त्रींनी ते बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि पलंगाखालून पेटी ओढली.

खालची लोखंडी चौकट गल्लीतल्या वेल्डरने करून दिली. वरचं सगळं मिस्त्रींचं. बाजूच्या भिंतींना पेन्सिलीएवढ्याच जाडीचा प्लाय लावायचा, असं लेकीने वाचून ठेवलं होतं. छपराचा प्लाय त्याहून पातळ. त्याच्यावर गरम पाण्यात भिजवलेली फडकी टाकायची, मऊ झाला की हळूहळू वाकवून शिकंज्यांत आवळायचा. ते काम मिस्त्रींनी सुरेख केलं. एकही चीर पडली नाही. पण वाकवलेल्या प्लायवर तळहात दाबला की तो आत जायचा, सोडला की बाहेर यायचा. मिस्त्रींनी पुन्हा दाबून पाहिला. असल्या पुठ्ठ्यात बायकोला झोपवायचं?

त्यांच्या हातची दारं गावभर ओळखली जायची ती दुहेरी चौकटीमुळे. बाहेरच्या चौकटीला आतून दुसरी चौकट, सांध्यात लाकडी खुंट्या, वर सरस. दार एकदा बसलं की घर पडलं तरी दार उभं. हातांना दुसरं काही येतच नव्हतं. लेक ऑफिसात गेली की मिस्त्री आतून पक्क्या लाकडाची दुसरी चौकट बसवू लागले. मग गादीखाली फळ्या. मग पायाशी एक छोटं कपाट, बाईमाणसाला सामान ठेवायला लागतंच. थोडं काम केलं की बसायचे, धाप ओसरली की पुन्हा उठायचे. उन्हाळा तसाच सरला.

गाडी तयार झाली तेव्हा गल्ली बघायला आली. लेकीने कारला जोडली, सपाट रस्त्यावर ऐटीत नेली. पुलाच्या चढावर मात्र कार गुरगुरली, थबकली आणि मागे सरकू लागली. क्लच जळल्याचा वास सुटला. वेल्डरने धावत जाऊन चाकाखाली दगड लावला.

वजन बघायला गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. काट्याकडे बघून भंगारवाल्याने विचारलं, "विकायचीय का?"

"काका," वेल्डर म्हणाला, "ही कारने ओढायची गाडी नाही. हिनेच कारला ओढायचं बघा."

"बाबा, आत काय काय घातलंत?" लेकीने विचारलं. मिस्त्री काट्याच्या कठड्यावर बसले. बसल्या बसल्या खांदा चोळू लागले.

घरी बायको गाडीच्या दारात टेकली, आत हात फिरवला. "काम झकास झालंय हो. पण मला तिजोरी नको होती. पाठ टेकायला जागा हवी होती."

"मोडली असती तर?"

"मोडली असती तर मोडली असती. तोवर ताईकडे पोचले असते ना?"

त्या दिवशी फोन साडूंनी उचलला. थोरली आज बोलली नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या रात्री बायको जेवली नाही, आणि मिस्त्रींना कुणी काही बोललंही नाही. बोललं असतं तर बरं, असं त्यांना वाटून गेलं.

सकाळी ते गाडीत शिरले. स्वतःचा सांधा स्वतः उकलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. खुंट्या निघेनात, सरस सुटेना. इतकं पक्कं कुणी करतं का, असं स्वतःलाच पुटपुटत त्यांनी शेवटी करवत घेतली. कपाट निघालं, फळ्या निघाल्या, आतली चौकट तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. करवत चालवताना हात इतका दुखायचा की ते मध्येच कपाळ भिंतीला टेकवून थांबायचे, आणि भिंत हलकेच आत जायची. अंगणात लाकडाचा ढीग झाला. साडूंचा फोन आला, थोरलीने डोळे उघडले, "निघाली का?" एवढंच विचारलं.

"निघाली म्हणून सांगा," बायको म्हणाली.

निघाले. कार लेक चालवत होती, शेजारी बायको, मागे मिस्त्री. तासाभराने थांबायचं. बायको मागच्या गाडीत आडवी व्हायची, दार उघडं ठेवून आभाळाकडे बघायची. "पुठ्ठ्यात छान वाटतंय," म्हणायची. मिस्त्री रस्त्याकडेला उकिडवे बसून पेंगायचे.

घाटात पहिली वळणं निघाली. मधला उभा चढ आला आणि कार पुन्हा गुरगुरली. लेकीने हँडब्रेक ओढला. बरोबर घेतलेले पाण्याचे कॅन अर्धे ओतले. तरी जमेना. मिस्त्री खाली उतरले आणि मागच्या गाडीतल्या गादीखालून, पायाच्या बाजूने, त्यांनी हत्यारांची पेटी ओढून काढली.

"अहो! ही कशाला आणलीत?"

"लागली तर असावी."

"बाबा, कमाल आहे तुमची!" लेकीला हसावं की रडावं कळेना.

पेटी रस्त्याच्या कठड्यामागे ठेवून मिस्त्री परत कारमध्ये बसले. कार थोडी सरकली आणि पुन्हा अडली.

"मी उतरते," बायको म्हणाली.

"तू उतरलीस तर जायचं कशाला? बस गुमान." मिस्त्रींनी स्वतःच उतरून कारचं दार लावलं, बाहेरून. "चल गं, जाऊ दे पुढे. मी येतो मागून."

त्यांचं ओझं उतरलं आणि कार चढू लागली. तो पांढरा थेंब डुलत पुढच्या वळणाआड गेला. मिस्त्री मागून चालत राहिले. दर दोन वळणांना कठड्याला टेकायचे. पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते. वरच्या वळणावर गाडी इतकी हलकी चढतेय, हे मात्र त्यांना बघायला आवडलं.

माथ्यावर दोघी वाट बघत होत्या. बायकोने पाण्याचा घोट दिला, पदराने त्यांचं तोंड पुसलं. "काय हो हे," एवढंच म्हणाली.

दुपारी पोचले. साडू दारात उभे होते. बायकोला खुर्चीत बसवेना, तेव्हा तिला थोरलीच्या पलंगावरच आडवं केलं, बहिणीशेजारी. थोरलीने मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सरक," ती म्हणाली. "अजून तशीच हातपाय पसरतेस."

"तूच सरक. मी पाहुणी आहे."

"मिस्त्रींनी काय बांधलंय म्हणे?"

"कपाट. चाकांवरचं."

खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. थोरली हसत होती. साडू तोंड फिरवून बाहेर आले. "मिस्त्री," त्यांनी डोळे पुसत म्हटलं, "पडा जरा. चेहरा बघा तुमचा."

गाडी खिडकीखाली उभी होती. मिस्त्री पहिल्यांदाच तिच्यात आडवे झाले. भिंत पातळ, त्यामुळे आतलं बोलणं शब्द न् शब्द येत होतं. दोघी लहानपणच्या कुठल्याशा फ्रॉकवरून भांडत होत्या. मिस्त्रींनी ऐकता ऐकता डोळे मिटले.

चार दिवस राहून ते परतले. घाटात पेटी कठड्यामागे नव्हती, कुणीतरी नेली असेल.

मिस्त्री परतल्यावर महिन्याभराच्या आत, एका दुपारी, अंगणातल्या खुर्चीत बसल्या जागी गेले. थोरली त्याच वर्षी थंडी पडल्यावर गेली.