गाण्याची शेपूट

पक्षी-केंद्राच्या स्वयंपाकघरात माणसांसाठी काही शिजत नसे. तिथे अंडी उकडायची, बारीक कुस्करायची, त्यात गाजराचा कीस आणि चिरलेल्या अळ्या मिसळायच्या आणि तो काला बशांमधून पिल्लांच्या खोलीत पाठवायचा. हे काम काकूंचं. केंद्रात त्यांना सगळे काकूच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. नोकरीच्या पहिल्या दिवशी अळ्या चिरताना त्यांना मळमळून आलं होतं. आता त्या एका हाताने अळ्या चिरत आणि दुसऱ्या हातात फोन धरून लग्न झालेल्या लेकीला भाजीची फोडणी सांगत.

केंद्रात एकाच जातीचे पक्षी वाढवत. चिमणीएवढा, राखी रंगाचा, दिसायला अगदी साधा पक्षी. कोणी मुद्दाम बघायला यावं असं त्याच्यात काही नव्हतं. पण डोंगरात त्याचे मोजकेच उरले होते आणि गाणं मात्र असं की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवून द्यावं. गंमत म्हणजे हे गाणं त्याला जन्मतः येत नाही. पिल्लू बापाचं ऐकून शिकतं. संख्या घटल्यावर कित्येक पिल्लांना शिकवणारा बापच भेटेना. मग ती शेजारपाजारच्या भलत्याच पक्ष्यांची गाणी उचलू लागली, आणि तसल्या उसन्या गाण्याच्या नराकडे मादी ढुंकून बघेना. हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं ते अगदी अलीकडे. म्हणून केंद्रात पिल्लांना जुन्या ध्वनिफिती ऐकवत, आणि पिल्लांच्या खोलीच्या आसपास कोणी तोंड उघडायचं नाही असा कडक नियम होता. सगळे मऊ तळव्यांचे बूट घालत. शिंक आली तर नाक धरून अंगणात पळत.

काका तिथे पिंजरे धूत. काका म्हणजे काकूंचे यजमान. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. खोलीत त्यांच्या तोंडातून कधी हूं की चूं निघालं नाही. पण चहाच्या वेळी ते दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीखाली उभे राहत आणि बायकोला बोलावत. चारचौघांत तिचं नाव घ्यायला ते लाजत. लग्नाला इतकी वर्षं होऊनही लाजत, आणि मग घरीसुद्धा तीच सवय पडली. नावाऐवजी ते शीळ घालत. दोन लांब सूर, आणि तिसरा वर चढता चढता मधेच तुटणारा. तुटायचं कारण पुढचा पडलेला दात. नवा बसवून घ्या म्हणून काकूंनी परोपरीने सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

शीळ आली की काकू आतून म्हणत, "येते हो, हातातलं काम आटोपू दे." हातातलं काम कधी आटपतं का? चहा निवत असे. काका निवलेला चहा कुरकुर न करता पीत, कारण त्यांना चहाहून बोलायची घाई असे. रोज कुठून तरी एखादी नवल वाटण्यासारखी गोष्ट ते वाचून आलेले असत. कपात चमचा फिरवला की चहाची पत्ती कडेला न जाता मधोमध का गोळा होते. कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं कसा लक्षात ठेवतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात म्हणे. त्यावर काकू म्हणाल्या होत्या की तुम्हाला एकच आहे तेवढं सांभाळा, सिगारेट सोडा. काकांनी खरंच सोडली.

अंड्यांचा वास कोंडतो म्हणून काकू भिंतीतला झरोका उघडा ठेवत. झरोक्यापलीकडे पिल्लांची खोली होती. माणसाचं बोलणं वाईट एवढंच सगळ्यांच्या डोक्यात, म्हणून दोघं खिडकीपाशी बोलत तेही दबक्या आवाजात. शिळेचा विचार ना काकांनी केला, ना काकूंनी, ना मोठमोठ्या पदव्यांच्या मंडळींनी. डोळ्यांत तेल घालून राखण केली आणि चोर झरोक्यातून आला. त्या वर्षीची नर पिल्लं मोठी होऊन गायला लागली तेव्हा सगळं गाणं जसंच्या तसं होतं, फक्त शेवटी एक शेपूट जोडलेली होती. दोन लांब सूर, आणि तिसरा तुटका.

चूक कळेपर्यंत त्यांतले काही नर पायात केंद्राचं निळं कडं घालून डोंगरावर सोडलेही होते. त्यांना कुठली मादी पत्करणार नाही, ते एकटेच मरतील आणि ती शेपूट त्यांच्याबरोबर संपेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. उरलेले दूरच्या एका केंद्रात पाठवले. बैठक बोलावून त्या नरांच्या गाण्याची ध्वनिफीत वाजवली गेली. पत्र्याच्या डब्यातून यावी तशी ती शीळ सगळ्यांसमोर वाजली आणि काका मान खाली घालून बसले. कोणी त्यांना वाईट बोललं नाही. झरोका तेवढा बुजवला आणि पुढे पिल्लांची खोलीच पलीकडच्या नव्या इमारतीत हलवली.

काकांनी मात्र कानाला खडा लावला. त्यानंतर त्यांनी शीळ म्हणून घातली नाही, केंद्रात नाही आणि घरीही नाही. खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक करत आणि कप ठेवून जात. नवलाच्या गोष्टीही आटल्या. काकूंनी एकदा घरी, दार लावून, घाला की हो एकदा, इथे कोण ऐकतंय, असं म्हणून पाहिलं. त्यांनी ओठांचा चंबू केला, हवा फुंकली आणि हसून मान हलवली. मागच्या थंडीत ते झोपेतच गेले.

माणूस गेल्यावर काय काय आठवावं याला काही धरबंध नसतो. काकूंना ती शीळ हवी होती. फोटो होते, कपडे होते, चष्मा होता, पण त्या सगळ्या वस्तू गप्प. त्या मनातल्या मनात शीळ आठवायला बघत आणि तिसऱ्या सुरापाशी अडत. तो नक्की कुठे तुटायचा, हे रोज थोडं थोडं विसरत चाललं होतं. याची त्यांना भीती वाटे. ध्वनिफीत मागितली असती तर मिळाली असती, पण ती त्या बैठकीतली होती. ती त्यांना नको होती.

अशात एके दिवशी मॅडम डोंगरावरून पाहणी करून आल्या. मॅडम म्हणजे केंद्रातल्या तरुण शास्त्रज्ञ, काकूंच्या लेकीच्या वयाच्या. बूट न काढता त्या तडक स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून म्हणाल्या, "काकू, वरच्या कड्यावर एक नर गातोय. शेपटीसकट."

काकूंच्या हातातलं अंडं परातीत पडलं. मॅडमनी पुढचं हळूहळू सांगितलं. नर लांबून ऐकू आला, दिसला नाही. तो आपल्याच सोडलेल्यांपैकी असणार. तिथे आता जवळपास दुसरी पिल्लं वाढताहेत, ती त्याचं ऐकून बिघडायला नकोत, म्हणून त्याला पकडून आणायचं ठरलं आहे. काकूंनी विचारलं, आणून ठेवणार कुठे? मॅडम म्हणाल्या की लांबचं केंद्र भरलेलं आहे, तेव्हा इथेच; पिल्लांच्या नव्या इमारतीपर्यंत इथला आवाज पोचत नाही. तुमच्या खिडकीमागचा मोठा पिंजरा रिकामाच आहे ना.

म्हणजे खिडकीखाली. चहाच्या जागेवर. काकू परातीतलं कवच वेचत राहिल्या. पण त्यांचं मन उड्या मारायला लागलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. एकदा ऐकायला मिळावी एवढीच आस होती, आता रोज मिळणार होती. जाळ्यात ठेवायला खाणं लागणार, तर मीच घेऊन येते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. गुडघे दुखतात ना तुमचे, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाल्या, ते बसूनही दुखतात.

त्या दिवशी काकूंनी जन्मात केला नसेल असा काला केला. अळ्या निवडून जाड्या घेतल्या, गाजर अगदी कोवळं. पिंजरा स्वतः घासला, आतल्या फांद्या बदलल्या, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावलं. पहारेकऱ्याने थट्टेने विचारलं की जावई यायचाय का. काकू लाजल्या.

डोंगराची चढण सकाळच्या उन्हात सुरू झाली. मॅडम पुढे, काकू मागे, मधे मधे दम खात. कड्याजवळच्या सपाटीवर मॅडमनी जाळं लावलं. जाळं म्हणजे काठीने उचलून धरलेली चौकट. दोरी ओढली की काठी निसटते आणि चौकट खाली येते. खाली काल्याची बशी. मॅडम दुर्बीण आणि आवाज टिपायचं यंत्र घेऊन खडकाआड बसल्या आणि दोरी त्यांनी काकूंच्या हातात दिली. मी म्हणेन तेव्हा ओढा, एवढंच सांगितलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग डाव्या बाजूच्या झुडपातून गाणं सुरू झालं. काकूंनी हे गाणं ध्वनिफितीवर इतकं ऐकलं होतं की त्यातला चढउतार त्यांना पाठ होता. तो उलगडत गेला, संपत आला, आणि मग दोन लांब सूर आले. तिसरा वर चढला आणि तुटला.

अगदी तिथेच तुटला. काकूंना वाटलं होतं आपण रडू. त्या रडल्या नाहीत. त्यांना एकदम चहाची तल्लफ आली, आणि पाठीमागे वळून बघावंसं वाटलं.

पक्षी खाली उतरला. एक उडी, थांबला, दुसरी उडी. काल्याचा वास त्याला लागला असावा. तो चौकटीखाली शिरला आणि अळी उचलली. काकूंची मूठ दोरीवर घट्ट झाली. तेवढ्यात मॅडमनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा, ओढू नका," त्या कुजबुजल्या. दुर्बीण डोळ्यांवरून काढून त्यांनी पुन्हा लावली. "ह्याच्या पायात कडं नाही."

काकूंना आधी काही कळलं नाही. मॅडमनी समजावलं. केंद्राने सोडलेल्या प्रत्येकाच्या पायात कडं आहे, ते निघत नाही. याच्या पायात नाही, म्हणजे हा केंद्रातला नाहीच, इथे जन्मलेला आहे. शेपूट कोणाकडून शिकला? बापाकडून. म्हणजे बापाला बायको मिळाली होती. कुठल्या तरी मादीने ती शेपूट ऐकली आणि तरीही ती त्याच्याकडे आली. आमचा सगळा हिशेब चुकला, काकू, असं मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

खाण तशी माती, असं काकूंच्या मनात आलं. कोणी तरी त्या शिळेला आलं होतं. आणि लगेच आलं असणार, असंही त्यांना वाटलं. हातातलं काम आटोपत बसलं नसणार.

पक्षी अळी न गिळता चोचीत धरून झुडपात गेला. तिथे पानांआड दुसरी राखी हालचाल झाली, अळी या चोचीतून त्या चोचीत गेली. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग दुर्बीण खाली ठेवून, काकूंकडे न बघता त्या म्हणाल्या, "काकू, तो परत येईल खायला. कडं नसलं तरी अभ्यासासाठी म्हणून नेता येतो. तुम्ही म्हणत असाल तर नेऊ. खिडकीमागे राहील तुमच्या."

म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. काकूंनी दोरीकडे पाहिलं. घासलेला पिंजरा, नव्या फांद्या, गोणपाट, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. नको म्हणावंसं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. हवा होता तो त्यांना, अगदी हवा होता, उरलेल्या प्रत्येक दिवसाला. पक्षी परत आला, पुन्हा चौकटीखाली शिरला, निर्धास्तपणे दुसरी अळी निवडू लागला. झुडपातून त्याला बोलावल्यासारखी बारीक चिकचिक आली.

काकूंनी दोरी जमिनीवर ठेवली.

"नको," त्या म्हणाल्या. "ती तिकडे वाट बघत बसेल. वाट बघणं काही खरं नाही हो."

मॅडमनी मान हलवली आणि नाक पुसलं. पक्षी गेल्यावर त्यांनी चौकट उचलली, काठी काढून ठेवली, बशी पुसून काकूंच्या पिशवीत घातली. यंत्र तेवढं अजून चालू होतं, शेवटचं एक गाणं मिळतं का बघू म्हणाल्या. काकू गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि जाळ्याची दोरी गुंडाळायला लागल्या.

दोरी अर्धी गुंडाळून झाली तेव्हा पाठीमागून शीळ आली. दोन लांब सूर, आणि तिसरा तुटका. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं, पण तोवर काकूंच्या तोंडून निघून गेलं होतं.

"येते हो," त्या वळून न बघता म्हणाल्या, "हातातलं काम आटोपू दे."