घडीखालची ओळ

टाचण्या तोंडात: सहा.

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. कपडे दुरुस्तीच्या चिंचोळ्या दुकानात ती दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसे. ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही, ही तिची सोय. पण गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी विचारलं, "या आठवड्यात एका तरी माणसाला प्रभूबद्दल कोण सांगेल?" नणंदेनं कोपर मारलं आणि हिचा हात वर गेला तो गेलाच.

आज शनिवार. सांगितलेली माणसं: शून्य.

"मी दूधवाल्याला सांगितलं," पाळकांच्या सदऱ्यावर इस्त्री फिरवत नणंद म्हणाली. "दातांच्या डॉक्टरला तर आ वासल्या वासल्या सांगितलं. आणि तू, वहिनी? उद्या काय तोंड दाखवणार?"

"म्म्."

तिची एक जुनी रीत होती. प्रत्येक कपड्याला मधोमध दुमडलेली चिठ्ठी टाचायची. घडीच्या वर माप. घडीच्या खाली त्या गिऱ्हाइकासाठी प्रार्थनेची एक ओळ. शिवता शिवता ती ओळ मनात घोळवायची. कपडा देताना चिठ्ठी घडीवर फाडायची, माप कपड्याच्या खिशात, ओळ बिस्किटांच्या डब्यात. ओळ कुणाच्या नजरेला पडायची नाही.

आज धीर यावा म्हणून तिनं डबा उपडा केला. ओळींच्या ढिगात हे निघालं:

*गणिताचे मास्तर. पँट. कंबर दोन इंच आत.*

माप डब्यात! मग ओळ कुठंय?

ओळ दारात उभी होती. मास्तरांच्या हातात. दुसऱ्या हातावर पँट. महिन्यापूर्वी ती आत घ्यायला दिली, तेव्हा बायको जाऊन चार महिने झाले होते आणि अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता.

"हे तुमचं अक्षर का, बाई?"

*प्रभू, मास्तरांना भूक लागू दे. एकट्यानं घास उतरत नाही त्यांना.*

खाली लाल शाईची रेघ. टाचणीबाईनं मान हलवली. दुकानाच्या फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं असं तिला झालं.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या," मास्तर म्हणाले. "माझी वही कुणी उघडून बसलंय, याचा पत्ताच नव्हता."

टाचण्या: चार.

"माफ करा, मास्तर, चुकून..."

"चूक आहेच. कंबर घट्ट होते. हे खिशात सापडलं त्या दिवशी मी बसून दोन ताटं जेवलो. तेव्हापासून सुरूच आहे. इंचभर सैल करा. पण कापड कुठून आणणार? कापून टाकलं असेल."

तिनं कमरेचा पट्टा उलटा केला. कापड जसंच्या तसं आत दुमडलेलं.

"कापलं का नाहीत?"

टाचण्या: एक.

"तुमच्यासाठी भूक मागितली होती ना! मागायचंही आणि कापडही कापायचं, हे कसं चालेल?"

मास्तर स्टुलावर बसले. "मागितलीत कुणाकडे?"

शेवटची टाचणी तिनं टाचण्यांच्या गादीत खोचली आणि सांगितलं. नवरा अकरा आठवडे दवाखान्यात होता, तेव्हा बाहेरच्या बाकावर तिला नीट प्रार्थनासुद्धा सुचत नव्हती. एवढंच म्हणे, येशू, जरा इथं बस. "आणि तो बसला, मास्तर. बाक एकदाही रिकामा वाटला नाही. आता नवरा घरी आहे, मीठ कमी पडलं म्हणून भांडतो. मला तेही गोड वाटतं."

"मी देवबिव मानत नाही, बाई."

"नका मानू. मी प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायची थांबणार नाही."

मास्तर हसले. मोठ्यानं, पोट हलवून. तेवढ्यात जळका वास आला. वहिनी बोलते हे बघताना नणंदेची इस्त्री पाळकांच्या सदऱ्यावरच राहिली होती.

"उद्या काय तोंड दाखवणार?" टाचणीबाईनं विचारलं, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

नवी चिठ्ठी. वर तिनं लिहिलं: *कंबर एक इंच बाहेर.* घडीखाली लिहिणार, तोच मास्तरांनी लाल पेन काढलं.

"आज मी लिहितो. सुरुवात काय करायची? महोदय?"

"नुसतं प्रभू लिहा."

*प्रभू,* मास्तरांनी वळणदार अक्षरात लिहिलं, *या बाईंच्या तोंडात टाचण्या कमी असू देत.*