बोनस नावाच्या सशाची विभूती

ससा गुरुवारी सकाळी मेला. पण तसं काही झालंच नाही, असं बोनसदेव सेवा मंडळाने ठराव करून कळवलं आहे. म्हणून आपणही तो जिवंत आहे असं धरून चालू.

तर पुनावळ्यात कोंडीरामआबांच्या पडवीत रांग लागली होती. कुणी डबा घेऊन शिफ्टला निघालेला, कुणी शिफ्ट संपवून जांभया देत आलेला. पुढे पिंजरा, त्यात पांढरा ससा. आबांच्या नातीने, चौथीतल्या हर्षालीने, वडिलांच्या दिवाळी बोनसमधून तो पिंपरीच्या बाजारातून आणलेला, म्हणून नाव बोनस. या सशाने एके दिवशी फरशीवर लाल लघवी केली. पुढच्या आठवड्यात पांढरी. ती वाळून तिची मऊ भुकटी झाली.

"आधी कुंकू, मग विभूती!" नानासाहेब गरजले. ते पूर्वी कंपन्यांना माणसं पुरवायचे, आता माणसांना देव पुरवतात. "वरनं डायरेक्ट डिस्पॅच आहे, भावांनो! मध्ये एजंट नाही!"

भुकटीच्या पुड्या ते स्वतःच वाटत होते.

मी सुजित, आबांचा भाडेकरू. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर बोल्ट नापास करतो. तरी विभूती मीही लावली. अप्रेझल जवळ आलं होतं.

ससा पाठीला पोक काढून बसला की नानासाहेब म्हणत, "ध्यान!" दात करकर वाजवले की, "जप!" पिंजऱ्यात पाण्याची वाटी नव्हती. "देव निर्जळी आहेत."

"सुजितदादा," हर्षाली मला म्हणाली, "तो जप नाही करत. त्याला दुखतंय. माझं पोट दुखलं तेव्हा मीपण अशीच बसले होते."

बुधवारी हाफ डे टाकून आम्ही देवाला हेल्मेटच्या पिशवीत घातलं आणि पिंपळे गुरवला जनावरांच्या डॉक्टर योगिनीताईंकडे नेलं. एक्स-रेत मूत्राशयात सुपारीएवढा खडा निघाला. भोवती गाळ.

"लाल रंग बहुतेकदा पाल्याचा असतो, कधी रक्तही असतं, तपासल्याशिवाय कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे पांढरं मात्र कॅल्शियम. सशाचं जादा कॅल्शियम लघवीतून जातं. पाणी कमी पडलं की साचतं. खायला काय देता?"

"लोक पोत्याने लसूणघास आणतात," हर्षाली म्हणाली. "आणि आबा टॉनिक पाजतात. म्हैस व्याली की देतात ना, ते कॅल्शियमचं. रोज एक टोपण."

योगिनीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घासातही कॅल्शियम, टॉनिकातही! आज सलाईन देते. उद्या सकाळी आबांना घेऊन या. मोठ्या माणसाच्या सहीशिवाय ऑपरेशन करता येणार नाही. आणि उशीर केलात तर येऊच नका."

आम्ही परतलो तेव्हा आरती चालू होती. आमच्या कंपनीत बोल्ट नापास झाला की पाच वेळा 'का' विचारतात. मी नानासाहेबांना विचारायला लागलो.

"विभूती का पडते?"

"देवाची इच्छा."

"मग वाटी काढल्यावरच ती दाट का झाली?"

नानासाहेब वर बघू लागले. हर्षाली म्हणाली, "वाटी यांनीच काढली. पाणी प्यायला की माल पातळ येतो, असं फोनवर म्हणाले!"

मी पूजेतलं लिंबू विभूतीवर पिळलं. विभूती फसफसली.

"देव कोपला!" नानासाहेब ओरडले.

मग मी भिंतीचा जुना चुना खरवडला आणि त्यावर लिंबू पिळलं. तोही तसाच फसफसला. "कॅल्शियम आहे राव दोन्हीत. हिच्या पाया पडता, तर भिंतीच्याही पडा."

रांगेतले दोघे लगेच भिंतीच्या पाया पडले.

आबांच्या बायकोने, ठकुबाईंनी, हळूच विचारलं, "म्हंजे आमी कपाळाला मूत लावीत हुतो व्हय?"

"व्हय, आजी."

त्यांनी पदराने कपाळ घासलं. लाल होईपर्यंत घासलं.

मग मी शहाणपणा केला आणि एक्स-रे उंच धरला. नानासाहेबांनी तो हातातून ओढलाच. "बघा! पोटात गोल काय दिसतंय? स्वयंभू देव! आणि हे कापायला निघालेत!"

"कापू देणार न्हाई!" रांग ओरडली. एक्स-रेला हार पडला. बोनसला परत पिंजऱ्यात घालून कुलूप लावलं. घासाचं आणखी एक पोतं आलं.

हर्षालीने आबांपुढे डॉक्टरांनी दिलेला ऑपरेशनच्या संमतीचा कागद धरला. "आबा, सही करा ना. तो मरेल."

"टॉनिक म्याच पाजलं, पोरी," आबा पुटपुटले. "पर गावाच्या इरुद्ध कसा जाऊ?" त्यांनी पेन खिशात ठेवलं.

सकाळी मंडळाचा ठराव झाला: श्री बोनस समाधीत गेले असून हयात आहेत.

एवढंच सांगायचंय. जनावर लघवीला कुंथत असेल, तर हात जोडण्याआधी त्याची पाण्याची वाटी बघा. मग डॉक्टर गाठा. चमत्कार कुठे पळून जात नाही.

हर्षालीने मंडळाला अर्ज दिला आहे. मजकूर तिचा, शुद्धलेखन माझं:

"मा. अध्यक्ष, बोनसदेव सेवा मंडळ यांस. आपल्या ठरावानुसार माझा ससा हयात आहे. तरी सदर सशास रोज एक वाटी पाणी व थोडं वाळलेलं गवत देण्यात यावं, तसेच पिंजऱ्याचं कुलूप काढून त्यास अर्जदाराच्या ताब्यात द्यावं, ही नम्र विनंती."