थोरले गिब्सन

मी पोटुशी होते तेव्हाच आमच्या बेनच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

"मुलगा झाला तर त्याला सगळ्यांनी बेन्सन म्हणायचं. बेनचा मुलगा तो बेन्सन. आत्ताच सांगून ठेवतो, सिसली."

"आणि मुलगी झाली तर?"

"ती तुझ्यावर जाईल. मग तिला काही म्हणायची कुणाची छाती आहे?"

हसत बोलायचा, पण त्याला आतून लागलेलं होतं, हे मला माहीत होतं. आमच्या थॉर्नबेकात माणसाला बापाच्या नावानं ओळखतात. माझे सासरे गिब, म्हणून त्यांचा मुलगा गिब्सन. त्यात रडण्यासारखं काही नाही, सगळ्यांचंच तसं असतं. पण आमचे सासरे म्हणजे काय विचारता! आवाज असा, की नदीपलीकडची मेंढरं दचकावीत. गावातलं प्रत्येक छप्पर त्यांनी शाकारलेलं, प्रत्येक लग्नात नाचलेले, प्रत्येक भांडणात पडलेले. पुढे गुडघे गेले, शिडी सुटली, आणि सगळं काम बेनवर आलं. भर थंडीत बोटं फुटेस्तोवर त्यानं पाणचक्कीचं छप्पर घातलं, तर लोक खाली उभे राहून म्हणतात कसे, "वा! गिबचा हात लागलाय!" गिब तेव्हा चक्कीच्या पायरीवर बसून कांदा-भाकरी खात होते. आणि म्हातारा "माझं नाही" म्हणून कधी सांगायचा नाही. मिशीतल्या मिशीत हसायचा!

"या गावात मला नावच नाही," बेन मला म्हणायचा. "मी मेलो तरी देवळातली घंटा बापाच्याच नावानं वाजेल. निदान माझ्या पोराला तरी माझ्या नावानं ओळखू दे." तेव्हा मला त्याची फार दया यायची.

झाला एकदाचा मुलगा. दुसऱ्या दिवशी सुईणीनं त्याला देवळात नेलं, पाद्रीबाबांनी पाणी घातलं, आणि धर्मपिता झालेल्या मायल्स लोहारानं रिवाजाप्रमाणे स्वतःचंच नाव ठेवलं. मी बाळंतीण, त्यामुळे घरी पडद्याआड पडून. सगळे परतले, तशी मी पडदा जरा बाजूला सारला आणि मी मुद्दाम मुरवून ठेवलेली बियर निघाली. माझ्या बियरसाठी लोक चिखल तुडवत येतात, उगाच सांगत नाही.

बेन बाकावर चढला. "ऐका रे! माझ्या पोराला जो बेन्सन म्हणेल, त्याचा पेला मी भरीन. जो गिब्सन म्हणेल, त्यानं घरी जाऊन पाणी प्यावं!"

बियर माझी, आणि उदार हा! पण काय गंमत झाली म्हणून सांगू. जो तो पाळण्यात वाकून "बेन्सन, माझ्या राजा!" म्हणतोय आणि पेला पुढे करतोय. मायल्स तर एका दमात चारदा म्हणाला. सासरेही काठी टेकत आले.

"बापाला काही सूट?"

"नाही."

"मग बेन्सन. भर लेका, काठोकाठ."

हसून हसून माझ्या पोटात कळा यायला लागल्या. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, पण पिंप संपल्यावर काय म्हणतील तुझ्या पोराला?"

बेनचं तोंड एवढंसं झालं. त्यालाही ते कळत होतंच. उगाच बोलले मी!

इतक्यात दारात घोडा थांबला. नदीपलीकडच्या मठाचा कारभारी उतरला. "गिब्सन इथेच राहतो ना?"

सवयीनं सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. तेही छाती काढून उठले.

"तुम्ही नाही हो आजोबा, मला शिडीवर चढणारा हवाय. मठाचं कोठार शाकारायचंय. तुमच्या पाणचक्कीच्या आढ्यावर पेंढ्याची वेणी घातलीय बघा, तसलं काम करणारा गिब्सन. आमच्या बाजूला वादळ आलं की लोक म्हणतात, छप्पर गिब्सनचं आहे ना? मग झोपा निवांत."

वेणी आमच्या बेनची होती. सासऱ्यांनी ती जन्मात कधी घातली नव्हती. उलट "छपराचं लग्न लावायचंय का रे?" म्हणून गावभर त्याची टर उडवली होती.

"मीच तो," बेन कसाबसा म्हणाला.

कारभारी खुशीत सासऱ्यांकडे वळला. "म्हणजे तुम्ही याचे वडील! थोरले गिब्सन!"

अगं बाई! सासऱ्यांचा बाप ॲडम, म्हणजे ते ॲडमसन. आणि हा बाबा गिबलाच गिबचा मुलगा करून मोकळा! मी उशी तोंडावर दाबून धरली. आता म्हातारा या कारभाऱ्याला घोड्यासकट नदीत ढकलणार, असंच सगळ्यांना वाटलं.

सासरे बेनकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"होय साहेब. मी थोरला गिब्सन. वेणी याची आहे. मी हसलो होतो तिला, पण मला ती कधी जमली नसती."

मला तर रडूच फुटलं. बेन पाळण्याशी आला, बाळ उचललं आणि नाक ओढत दाराशी गेला.

"आणि हा मायल्स," तो म्हणाला. "मायल्स गिब्सन."

"अरे बेन्सन म्हण!" लोहार ओरडला. "आमच्या पेल्यांचं काय?"

"भरा सगळ्यांचे!" मी आतून ओरडले. "कारभाऱ्यांचा आधी!"

पुढे सासऱ्यांना कुणी "ए गिब!" म्हणून हाक मारली, की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. "थोरले गिब्सन" म्हटलं, की गुडघे विसरून उठायचे.