लाल गोळा

माझी बहीण रोहिणी आणि परमेश्वर दाजी यंदा ऊसतोडीला कर्नाटकात गेले आणि त्यांची चार वर्षांची आरोही पाटोद्याला माझ्याकडे राहिली. मी घरीच शिलाई मशीन चालवते. पोरगी फडावर पाचटात लोळण्यापेक्षा चार पोरांत खेळावी, शिकावी, म्हणून रोहिणीनं हट्टानं तिला नव्या इंग्रजी बालवाडीत घातलं.

बालवाडीच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बालकाचा सर्वांगीण विकास'. त्याचा पुरावा रोज दुपारी पालकांच्या ग्रुपवर येतो. आरोहीच्या हातात खेळायच्या मातीचा लाल गोळा. आरोही वाळूच्या हौदात. प्रत्येक फोटोत हसू. संध्याकाळी फडावरून रोहिणीचा फोन ठरलेला.

"आक्के, कशी हसतीया गं माझी बाई! समद्या टोळीला दावला फोटो."

परवा पोरगी डबा विसरून गेली, म्हणून मी द्यायला गेले. खिडकीतून बघते तर सगळी पोरं तोंडावर बोट ठेवून भिंतीला टेकून बसलेली. करिष्मा मॅडम एकेकाला पुढं बोलावत होत्या. हातात तोच लाल गोळा द्यायच्या, "स्माइल" म्हणायच्या, फोटो काढायच्या आणि गोळा हिसकून पुढच्याच्या हातात ठेवायच्या. वाळूच्या हौदाशी तीच वरात आधीच उरकलेली. फोटो झाले आणि हौदावर झाकण पडलेलं. आरोहीची पाळी आली तेव्हा तिनं गोळ्यात अंगठा रुतवला. एवढंच केलं तिनं. मॅडमनी हातावर फाटकन चापटी मारली, खड्डा बुजवला आणि गोळा पुन्हा गुळगुळीत केला.

मी तशीच आत शिरले.

"पोरीला मारलं कावून?"

"अहो ताई, गोळा खराब झाला की फोटो चांगला येत नाही." त्या अगदी गोड बोलल्या. "तुम्हाला फोटो मिळतात ना रोज? मग तक्रार कसली?"

बाईला खरंच कळत नव्हतं माझं काय बिनसलंय ते. त्याचीच मला जास्त शिसारी आली. सर्वांगीण म्हणे! बोटंसुद्धा हलवू देत नाहीत आणि निघाले सगळ्या अंगांचा विकास करायला. मी आरोहीला उचललं, दप्तर घेतलं आणि घरी आणलं.

संध्याकाळी भाकऱ्या करायला बसले. पोरगी शेजारी गुमान बसून होती. म्हटलं, खेळू दे बिचारीला. ज्वारीच्या पिठाचा मळलेला गोळा तिच्या हातात दिला.

"घे गं, खेळ. काय करायचं ते कर."

तिनं तो दोन्ही हातांनी गालाजवळ धरला. मान तिरकी केली आणि हसली. फोटोतलं हसू, जसंच्या तसं. तशीच थांबली. मग गोळा हळूच परातीत ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "झालं, मावशे. आता कुनाचा नंबर?"

माझे हात पिठातच राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"आक्के, आज फोटो न्हाई आला गं? दिसभर वाट बघितली."

"आता येनार न्हाई. उद्यापासून तिला तितं धाडनार न्हाई मी."

"कावून? लई खुश असती की ती तितं!"

"फोटोपुरती असती, रोहिणे." आणि मी सगळं सांगितलं. पलीकडं कोयत्यांचा आवाज चालूच होता. मग रोहिणी म्हणाली, "मी त्येच फोटो बघून झोपत होते गं," आणि तिनं फोन ठेवला.

मी पिठाचा गोळा पुन्हा आरोहीपुढं सरकवला. "मोड त्याला. कुनी रागावनार न्हाई."

तिनं गोळ्याकडं बघितलं. मग एक अंगठा पुढं केला, हळूच आत रुतवला आणि दुसरा हात पटकन पाठीमागं लपवून माझ्या हाताकडं बघत राहिली.