आईचं स्टूल

आमच्या कारखान्यातून कुठलंही रीळ त्याचा दोरा कानाशी तोडून पाहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. ही आजोबांची पद्धत. मागच्या खोलीत एका यंत्रावर त्यांनी शिवणाचा दोरा काढायला घेतला तेव्हापासूनची. यंत्रं बंद करायची, दोऱ्याचं टोक कानाजवळ धरायचं आणि हिसका द्यायचा. पक्का दोरा टच् करून तुटतो, कच्चा मुकाट्याने सुटतो. आजोबांनंतर तपासणीच्या खुर्चीवर बाबा बसले आणि समोरच्या स्टुलावर आई. तिचं तिथे काय काम, हे कुणी विचारलं नाही. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही, असं म्हणून आम्ही भावंडं हसायचो.

मग आईचा पाय मुरगळला. ती कारखान्यावरच्याच आमच्या घरात अडकली, आणि इकडे बाबांनी एकामागून एक रिळं नापास करायचा सपाटा लावला. दादा वैतागला. "बाबा थकलेत आता. तपासणीचं यंत्र मागवतो. त्यांनी घरी आराम करावा."

आराम म्हणे! त्या खुर्चीवाचून बाबा खचून जातील, हे मला दिसत होतं. मी नापास टोपलीतल्या रिळांचा दोरा कानाशी तोडून पाहिला. सगळी खणखणीत. तशीच तणतणत वर गेले.

"आई, बाबा चांगला माल बाजूला टाकताहेत!"

आई उशीवर पाय ठेवून पडली होती.

"त्यांना ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "कधीपासूनच. तोडतात ते, ऐकते मी. दोरा पक्का असला की भुवया उचलते. आता समोर मी नाही. कच्चा माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यापेक्षा सगळाच बाजूला ठेवत असतील."

"आम्हाला सांगायचं नाहीस का?"

"खुर्ची काढून घेतली असतीत."

मला रडूच आलं. खाली येऊन दादाला सगळं सांगितलं. त्याने स्वतःच जाऊन यंत्रं बंद केली.

मी स्टुलावर बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि दोऱ्याला हिसका दिला. मी नीट ऐकायला डोळे मिटले.

"डोळे मिटून कसं चालेल?" बाबा ओरडले. ते नेहमीच ओरडून बोलायचे. का, ते आत्ता कळत होतं.

मी डोळे उघडले, भुवया उचलल्या. बाबा पुढे वाकून माझा चेहरा न्याहाळत राहिले.

"तुझ्या आईच्या भुवया दाट आहेत," ते म्हणाले. "तू जरा मोठ्याने उचल."