कुंकवाची ओळ

धोंडुबाईनं पदराआडची प्लास्टिकची पिशवी सोडली, आतली लग्नपत्रिका काढली आणि ऋतुजाच्या पुढ्यात सतरंजीवर पसरली.

"बाय, पुस्तक झालं न्हवं सगलं? मंग आज माजं नाव वाचायचं."

पेणच्या कॉलेजात शिकणारी ऋतुजा समाजमंदिरात दुपारी साक्षरतेचा वर्ग घेई. पाच बायका. कुणाला बँकेत अंगठा नको होता, कुणाला एसटीची पाटी वाचायची होती. उभा जन्म मिठागरात काढलेल्या धोंडुबाईला फक्त ही एक ओळ हवी होती. चार वर्षांपूर्वी नातवाच्या, आदर्शच्या लग्नात लेकानं, कमळाकरनं, पत्रिकेच्या तळाशी बोट ठेवून सांगितलं होतं, "हे बघ आये, तुजं नाव छापलंय." केवढी हरखली होती ती! दर दसऱ्याला त्या ओळीला कुंकू लावायची. वर्ग सुरू झाल्यावर मात्र, पुस्तक संपेपर्यंत पिशवी सोडायची नाही, असा पणच केला होता तिनं.

लाल पडलेल्या ओळीखाली तिचं बोट सरकू लागलं.

"कृ... प... या. आ... हे... र. आ... णू. न... ये."

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेच निघालं.

शेजारच्या काशीबाईला हसू आवरेना. "अगो बाय माजे! चार वर्सं आहेराला कुंकू लावतंय हे!"

बाकीच्याही हसल्या. ऋतुजानं घाईघाईनं पत्रिका वरपासून खालपर्यंत पाहिली. कमळाकर होता, सून वैशाली होती, चुलते होते, शाळेतही न जाणारी पोरं होती. सगळ्यांच्या वर, फुलाच्या चित्राखाली, कै. जनू होता. मेलेल्या नवऱ्याला जागा होती. जित्या बायकोला नव्हती.

"आजी, दुसरीकडं असेल..."

"कशाला शोधतेस गो?" काशीबाईनं हसून ओले झालेले डोळे पुसले. "रांडावलेल्या बाईचं नाव शुभकार्यात कोण छापील? हिला येवढं ठावं नाय?"

धोंडुबाईनं पत्रिका घडीवर घडी घालून पिशवीत ठेवली. पिशवीला गाठ मात्र मारली नाही.

घरी आली तर ओटीवर पत्रिकांचे गठ्ठे. पुढच्या महिन्यात नातीचं, दिपिकाचं लग्न. पाहुणे बसले होते, वैशालीचा भाऊ पोपट पाकिटांवर नावं घालत होता. एक पत्रिका देवापुढं ठेवून झाली होती. "या खेपेलाही माजं नाव घाल रं," असं धोंडुबाई दिवाळीपासून लेकाच्या मागं लागली होती. ती वर्गाला जाते ती पंख्याखाली बसायला, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

कमळाकरनं एक पत्रिका तिच्यापुढं धरली. मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे बघ आये. तुजं नाव. झालं ना समाधान?"

ती खाली बसली. एकेका अक्षरावरून नजर फिरवली.

"मला दिसत नाय. तूच वाच. मोठ्यानं वाच, पाव्हण्यांना ऐकू दे."

कमळाकर जरासुद्धा अडखळला नाही. "श्रीमती धोंडुबाई जनू घरत."

"ग्वाड वाचतोस. परत वाच."

"श्रीमती धोंडुबाई जनू घरत. वधूची आजी." या वेळी 'वधूची आजी' जास्तीची वाढली. पोपटनं पेन बंद केलं आणि अंगणात बघू लागला. वैशालीनं विनाकारण पदर सावरला.

"परत."

"काय हे आये, किती वेळा? श्रीमती धोंडु..."

धोंडुबाईनं मिठानं खाल्लेलं आपलं बोट त्याच्या बोटाशेजारी टेकवलं.

"वि... वा... ह..."

कमळाकरनं आपलं बोट मागं घेतलं. तिचं बोट पुढच्या अक्षराशी अडलं. तिनं मान वर करून लेकाकडं पाहिलं.

"हे जोडाक्षर मला येत नाय रं. काय हाय, सांग."